पाणपक्ष्यांसाठी कॅमेरा: या हिवाळ्याआधी घ्यावा की नव्या मॉडेलसाठी थांबावं?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न पैशांचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मी निफाड तालुक्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य घरापासून जवळ. थंडी सुरू झाली की सुट्टीच्या दिवशी सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावर असते, कधी शाळेतली मुलंही बरोबर असतात. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत आम्ही भाग घेतो, त्यामुळे फोटो निव्वळ हौसेपुरते नसतात. लांबवर बसलेला थवा थापट्यांचा की तलवार बदकांचा, हे फोटो मोठा करून पाहावं लागतं.

सध्या कॅनन १३००डी आणि ५५-२५० मिमी लेन्स आहे. तारेवरचा वेडा राघू, काठावरची जांभळी पाणकोंबडी, पाण्यातले वारकरी हे सगळं चांगलं मिळतं. उडणारं काही मिळत नाही. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मी कॅमेरा लावते, फोकस मागच्या पाणकणसांवर जातो आणि तोवर त्याने सूर मारलेला असतो. भोवत्याचंही तेच.

सगळं मिळून दोन लाखांच्या आत बसवायचं आहे. डोळा कॅननच्याच ईओएस आर७ वर आहे, पण तो मे २०२२ चा. त्याचा पुढचा अवतार येणार अशी चर्चा सगळीकडे वाचते. दसऱ्याला घेणार होते, भाऊ म्हणाला थांब. आता २०२५ ची दिवाळी आली. आज घेतला आणि थोड्याच महिन्यांत नवा आला तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. इतके पैसे पुन्हा साठायला मला बरीच वर्षं लागतील. अनुभवी लोकांनी सांगावं.

पाणकावळा

ताई, आर७ घ्या आणि मोकळ्या व्हा. मी भिगवणला वापरतो. पक्ष्याचा डोळा पकडतो आणि सोडत नाही. १३००डी वरून आलात तर पहिल्याच दिवशी फरक कळेल.

धीरगंभीर

मी उलट सांगेन. थांबा.

आर७ चांगला आहे, पण त्याच्या उणिवा माहीत असू द्या. सेन्सर (चित्र टिपणारी चिप) वाचायला वेळ लागतो, म्हणून पडदा न हलवता चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर वेगाने उडणाऱ्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. सेकंदाला ३० फोटो असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते याच शटरचं, म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. यांत्रिक शटरवर १५ मिळतात आणि तेही भरपूर आहेत, पण रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) सलग बोट दाबून ठेवलं तर तीन-चार सेकंदांत बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो ठेवायची तात्पुरती जागा) भरतो. नवा आला तर या दोन्ही गोष्टी तो सुधारणार हे उघड आहे. शिवाय नवा आला की जुन्याची किंमत उतरते. म्हणजे थांबलात तर एक तर चांगला कॅमेरा मिळेल, नाही तर हाच स्वस्तात मिळेल. नुकसान कुठे आहे?

रानपिंगळा

वाचतोय. मीही याच पेचात आहे.

जुना_चष्मा

धीरगंभीर, नुकसान हिवाळ्याचं आहे. कॅमेऱ्याची किंमत उतरेल तेव्हा पक्षी सैबेरियात असतील.

पण आधी या "येणार येणार" बद्दल लिहितो, कारण ही वाट पाहण्यात आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांची चांगली वर्षं गेली आहेत.

पक्ष्यांसाठी लोक ज्या जातीचा कॅमेरा घेतात, म्हणजे लहान सेन्सर, मजबूत बॉडी, वेगवान फोकस, त्या जातीत कंपन्या कधीच वेळेवर नसतात. कॅननचा ७डी आला २००९ मध्ये. ७डी मार्क टू आला २०१४ मध्ये, पाच वर्षांनी. त्यानंतर मार्क थ्री उद्या येणार, परवा येणार अशी चर्चा चालू राहिली आणि तो आलाच नाही. त्याची जागा घेणारा आर७ थेट मे २०२२ मध्ये आला, तोही वेगळ्या माउंटचा (लेन्स जोडायच्या खोबणीचा). जवळजवळ आठ वर्षं.

निकॉनचं त्याहून बोलकं आहे. डी३००एस २००९ च्या उन्हाळ्यात आला. त्यानंतर डी४०० नावाच्या कॅमेऱ्याची इतकी वर्षं चर्चा झाली की लोक त्याचे गुणदोष सांगायला लागले होते. त्या नावाचा कॅमेरा कधी बनलाच नाही. जानेवारी २०१६ मध्ये एकदम डी५०० जाहीर झाला. सेकंदाला १०, सलग २०० रॉ, जवळजवळ पूर्ण चौकटभर पसरलेले फोकस पॉइंट. ज्यांनी तो तेव्हा घेतला त्यांच्यातले अनेक आजही तोच वापरतात. त्याच तोडीचा लहान सेन्सरचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा निकॉनने अजून दिलेला नाही. डी५०० चा वारस येईल मग बघू असं म्हणत थांबलेले लोक अजून थांबलेले आहेत.

चर्चेचं सोडा, अधिकृतपणे जाहीर झालेला कॅमेराही येईलच असं नाही. निकॉनने फेब्रुवारी २०१६ मध्ये डीएल मालिका जाहीर केली होती. तीन मॉडेलं, त्यातलं एक २४-५०० झूमचं, पक्षीवाल्यांच्या डोळ्यांत भरलेलं. आधी पुढे ढकललं, मग प्रोसेसरच्या चिपमध्ये अडचणी, मग नफ्याचं गणित बसेना, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सगळी मालिका रद्द. वर्षभर लोकांनी पैसे बाजूला ठेवून वाट पाहिली.

आणि आला तरी हातात पडेल असंही नाही. फुजीचा एक्स१००व्हीआय फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, तो मिळवायला जगभर लोक महिनोन् महिने यादीत होते.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. कंपनीने स्वतःच्या तोंडाने मॉडेल, किंमत आणि विक्रीची तारीख सांगितली असेल तरच ती "वाट पाहणं". बाकी सगळं नुसतं न घेणं आहे.

पाणकावळा

जुना_चष्मा, +१. डीएलचं मी विसरलोच होतो.

धीरगंभीर

इतिहास मान्य आहे, काका. पण तो आरशाच्या कॅमेऱ्यांच्या काळातला. मिररलेसमध्ये वेग वाढला आहे. आर६ जुलै २०२० चा, आर६ मार्क टू नोव्हेंबर २०२२ चा. दोन वर्षं आणि काही महिने.

जुना_चष्मा

आर६ ही फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची), लग्नवाल्यांपासून सगळे घेतात, तिथे कंपन्या धावतात. लहान सेन्सरमध्ये बघ: निकॉन झेड५० ऑक्टोबर २०१९, झेड५० टू नोव्हेंबर २०२४. पाच वर्षं. सोनीचा ए६६०० २०१९ चा, त्याच्या जागेवर ए६७०० आला २०२३ ला. मी आर७ चा पुढचा येणारच नाही असं म्हणत नाही. येईल. पण ताईंना जानेवारीत गणना आहे, आणि नवा आला तर तो दोन लाखांत लेन्ससकट बसेल का, हेही विचारात घे. नव्या मॉडेलची किंमत सहसा जुन्याहून चढीच असते.

सह्यकडा

थोडं अवांतर, पण कामाचं. माझा एक मित्र "जीएसटी कमी झाला की घेतो" म्हणून थांबला होता आणि आता दुकानात भांडतोय. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तो १ जानेवारी २०१९ पासून. तोच अजून चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जे बदल झाले त्यात एसी आणि मोठे टीव्ही १८ वर आले, कॅमेरे आधीच तिथे होते. त्यामुळे "जीएसटी कपात ऑफर" अशी पाटी कॅमेऱ्यावर दिसली तर तो दुकानदाराचा किंवा कंपनीचा सणाचा डिस्काउंट आहे, सरकारी कपात नाही. डिस्काउंट घ्यायला हरकत नाही, पण तो दिवाळी संपली की जातो हे लक्षात ठेवा.

कादवाकाठ

सगळ्यांचे आभार. सह्यकडा, हे मला माहीत नव्हतं, दुकानात मला हेच सांगितलं होतं.

आर७ ऐवजी आर१० घेतला आणि उरलेले पैसे लेन्सकडे वळवले तर? ३२ मेगापिक्सेल आणि २४ मेगापिक्सेल यात फार फरक पडेल का? मला फोटो खूप कापावा लागतो.

अंबाघाट

ताई, खरा प्रश्न तुम्ही आत्ता विचारलात. धाग्यात इतका वेळ सगळे बॉडीबद्दल (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याबद्दल) बोलतायत आणि लेन्सचं नाव कोणी काढलेलं नाही.

आकडे मांडून दाखवतो. पक्षी लांब आहे, तुम्ही त्याच जागी उभ्या आहात. तुमचा १३००डी, आर१० आणि आर७ या तिघांच्या सेन्सरची रुंदी जवळपास सारखीच, साधारण २२.३ मिमी. म्हणजे त्याच लेन्सने पक्षी सेन्सरवर तेवढाच मोठा पडणार. फरक एवढाच की तो किती ठिपक्यांत वाटला जातो. १३००डी च्या चौकटीत आडवे ५१८४ ठिपके, आर१० मध्ये ६०००, आर७ मध्ये ६९६०.

आर१० ते आर७: ६९६० भागिले ६०००, म्हणजे १६ टक्के जास्त. ३२ आणि २४ हे आकडे ऐकायला मोठे वाटतात, पण पक्ष्याच्या लांबीत फरक १६ टक्क्यांचा.

१३००डी ते आर७, लेन्स तीच ५५-२५०: ३४ टक्के.

आता उलट करा. कॅमेरा १३००डी च ठेवा आणि २५० ऐवजी ४०० मिमी लेन्स लावा. ६० टक्के! शिवाय चांगल्या लेन्सची धार वेगळी.

म्हणजे थव्यातलं बदक ओळखायला तुम्हाला नव्या कॅमेऱ्याने जेवढं मिळेल त्याच्या जवळजवळ दुप्पट नुसत्या लेन्सने मिळतंय. दोन्ही केलंत तर पक्षी दुपटीहून जरा मोठा.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. लोक आर७ किंवा आर१० बरोबर आरएफ १००-४०० घेतात. सुरेख लेन्स आहे, ६३५ ग्रॅम, दिवसभर गळ्यात घालून फिरा. पण ४०० वर ती एफ/८ ला उघडते (हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). स्वच्छ उन्हात उडत्या पक्ष्यासाठी १/२००० शटर ठेवलं तर एफ/८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की चित्र खरबरीत होतं) ४००-५०० पुरतो, काही प्रश्न नाही. पण नांदूरला थंडीत सकाळी सातला धुकं पाण्यावरून उठलेलं नसतं. उन्हापेक्षा तीन स्टॉप कमी धरा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). तोच आयएसओ ३२०० ते ४००० वर गेला. आणखी एक स्टॉप कमी, की ६४०० च्या पुढे. एफ/५.६ ची लेन्स असेल तर प्रत्येक वेळी हा आकडा निम्मा. आणि तुम्हाला हवे असलेले पक्षी त्याच एका तासात सगळ्यात जवळ असतात.

म्हणून माझा सल्ला: आधी लेन्स. जुन्या बाजारात कॅननची ईएफ ४०० एफ/५.६ एल शोधा. १९९३ सालची रचना, सव्वा किलो वजन, झूम नाही, आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय, म्हणजेच स्टॅबिलायझेशन) नाही. पण उडत्या पक्ष्यांसाठी आजही लोक तिचं नाव काढतात, कारण फोकस झटकन लागतो आणि ती हलकी आहे. ती तुमच्या १३००डी वर उद्या सकाळी लागेल, मधल्या पॉइंटने फोकस करा. पुढे आर७ घेतलात तर अडॅप्टरवर (जुनी लेन्स नव्या माउंटला जोडणाऱ्या कड्यावर) तशीच चालेल, आणि आर७ च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन असल्याने तिच्यात आयएस नसल्याची उणीवही बरीच भरून निघेल. आर१० मध्ये ते नाही, म्हणून या लेन्ससाठी मी आर७ म्हणेन. आर७ मार्क टू आला तरी त्यावरही चालेल.

बॉडी घ्यायची की थांबायचं याचं ओझं निम्मं कमी होतं. थांबायचं तर हातात चांगली लेन्स धरून थांबा.

रानपिंगळा

अंबाघाट, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. ५१८४ आणि ६९६० असं कोणी कधी मांडून दाखवलं नव्हतं.

पाणकावळा

हिशेब पटला. पण एक सांगतो, १३००डी मध्ये एकूण नऊ फोकस पॉइंट आणि सेकंदाला तीन फोटो. ताईंची मूळ तक्रार कवड्या धीवराच्या फोकसची आहे. ती लेन्सने पूर्ण सुटणार नाही. मधला एक पॉइंट फडफडणाऱ्या पक्ष्यावर ४०० ने टिकवायचा म्हणजे हाताला सवय लागते. आर७ ला पक्षी चौकटीत असला की पुरतं.

आणि आयएस नसलेली लेन्स १३००डी वर म्हणजे बसलेल्या पक्ष्यालाही शटर खाली आणता येणार नाही.

अंबाघाट

दोन्ही मुद्दे बरोबर. शटरचं म्हणाल तर मनोऱ्यावर कठडा आहेच. कापडी पिशवीत मका किंवा राजमा भरून तोंड घट्ट बांधायचं, कठड्यावर टाकायची आणि तिच्यात लेन्स रुतवायची. तिपाईपेक्षा लवकर हलवता येते आणि पिशवी रिकामी नेऊन तिकडेही भरता येते. बसलेल्या पक्ष्याला १/२५० सहज मिळतं.

धीवराचं मान्य. तिथे बॉडीच लागेल.

न्यूजर्सीकर

इकडून कोणी येत असेल तर मागवून घ्या, स्वस्त पडतो, असं सुचवणार होतो. पण स्वतःच विचार करून सांगतो, बॉडी नका मागवू. कॅमेऱ्याच्या बॉडीची वॉरंटी साधारणपणे घेतल्या देशापुरती असते, आणि विमानतळावर कस्टमने ड्यूटी लावली तर फरक जवळपास मिटतो. बहिणीसाठी नेला होता तेव्हा हे सगळं करून झालंय. लेन्सवर लावायचं कव्हर, पट्टा, बॅटरी असलं काही हवं असेल तर जरूर सांगा, डिसेंबरात नाशिकला येतोय.

रत्नांग्री

कॅमेरा आणि लेन्स वेगळे न घेता निकॉन पी९५० किंवा २०२५ मध्ये आलेला पी११०० यांचा विचार केलात का? पी९५० ची झूम २००० मिमी इतकी पडते, पी११०० ची ३०००. गणनेसाठी नुसती ओळख पटवायची असेल तर लांबच्या बदकाला यांच्याइतकं जवळ कोणी आणत नाही, आणि दोन लाखांपेक्षा खूप कमी पैशांत काम होतं. आमच्याकडे खाडीवर लांबचे चिखले ओळखायला मी हाच वापरतो. उडत्या पक्ष्यांना मात्र उपयोग नाही, सेन्सर फार लहान आणि कमी प्रकाशात चित्र मऊ पडतं.

आणि काहीही घेतलंत तरी पावसाळ्यात कपाटात नुसतं ठेवू नका. आमच्याकडे कोकणात तर बुरशी लेन्सच्या आत जाळं धरते. तुमच्याकडे हवा कोरडी, पण जुलै-ऑगस्टमध्ये हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर एवढं असू द्या. ४० ते ५० टक्के राहिलं की पुरे.

बोरीबंदर

जुनी लेन्स घेताय म्हणून सांगतो. मुंबईत फोर्टला बोरा बझारच्या आसपास मिळेल, पण घाईने घेऊ नका. मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून टाका आणि पुढून तिरकं बघा. धूळ थोडी असतेच, ती चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स खाली ठेवा. कडेला दुधी डाग असेल तर तोही नको. मग स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून जवळ-लांब, जवळ-लांब असा फोकस सारखा फिरवा आणि कान देऊन ऐका. अडखळतो का, घरघर करतो का. ४०० एफ/५.६ चं हूड लेन्सला जोडलेलंच असतं, ओढून बाहेर काढायचं. ते सैल होऊन आपोआप मागे घसरतं का तेही बघा. फार जुन्या प्रतीत फोकसची मोटर गेली तर सुटे भाग मिळणं अवघड, म्हणून जितकी अलीकडची मिळेल तितकी बरी. बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

नवी बॉडी घ्याल तेव्हाही तेच. भारतातलं वॉरंटी कार्ड आणि जीएसटीचं बिल, दोन्हीवर बॉडीवरचाच नंबर आहे ना हे दुकानातच ताडून बघा. खूपच स्वस्त सांगतोय म्हणजे बहुतेक वेळा माल बाहेरून आलेला असतो.

धीरगंभीर

मी माझ्या मुद्द्यावर आहे, पण अंबाघाटांच्या लेन्सच्या हिशेबानंतर एवढं म्हणतो: लेन्स आज घ्या, बॉडी थांबवा. म्हणजे माझंही खरं आणि त्यांचंही.

एक विसरू नका. थांबण्यात सगळाच तोटा नसतो. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय डीनॉइज (चित्राचा खरबरीतपणा काढणारी सोय) एप्रिल २०२३ मध्ये आलं. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचे आयएसओ ६४०० चे रॉ जे मी टाकून देणार होतो, ते त्यातून काढले आणि पिसांचे धागे दिसायला लागले. कॅमेरा तोच होता.

जुना_चष्मा

धीरगंभीर, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो दोन्हीकडे लागू होतो. आज घेतलेला आर७ दोन वर्षांनी आजच्यापेक्षा चांगले फोटो देईल, कारण सॉफ्टवेअर पुढे गेलेलं असेल. रॉ मात्र काढायला हवेत. कादवाकाठ ताई, तुम्ही जेपीईजीच काढत असाल तर आजपासून रॉ सुरू करा. त्याला एक रुपया लागत नाही. आर७ वर सी-रॉ ठेवा, फाइल लहान होते आणि बफरही उशिरा भरतो.

कादवाकाठ

मंडळी, मनापासून आभार. इतक्या लोकांनी वेळ काढून लिहिलंत.

मधल्या काळात एक काम केलं. नाशिकमध्ये एकांकडे आर७ आणि आरएफ १००-४०० भाड्याने मिळाला, आधार कार्ड आणि डिपॉझिट ठेवून. शनिवारी दुपारी आणला, रविवारी संध्याकाळी परत केला. पाहुणे पक्षी अजून फारसे आलेले नाहीत, पण शेकाटे, चित्रबलाक, नदीसुरय आणि आमचा कवड्या धीवर होते.

धीवर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मिळाला. कॅमेऱ्याची पक्षी-ओळख चालू ठेवली, शटर यांत्रिक, १/२५००. तो थांबला, फोकसचा चौकोन त्याच्या डोक्यावर बसला आणि मागे पाणकणसं असूनही तिथेच राहिला. त्याने सूर मारला तेव्हा मी मागे पडले, पण थांबलेला असतानाचे जवळजवळ सगळे फोटो धारदार आहेत. चोचीच्या मुळाशी असलेली बारीक पिसंसुद्धा दिसतात. सात वर्षांत मला असा एकही फोटो मिळालेला नाही. इलेक्ट्रॉनिक शटरवर नदीसुरय काढून पाहिले, पंखांची टोकं खरंच वाकडी येतात. यांत्रिकवर आल्यावर तो प्रश्नच उरला नाही.

पण अंबाघाट दादा म्हणाले तेही दिसलं. पहाटे ढग होते, आयएसओ ६४०० च्या वर गेला आणि चित्रबलाकाच्या छातीवरचा पट्टा खरबरीत आला. दहा वाजता तोच पक्षी स्वच्छ.

तेव्हा माझं असं ठरतंय. ४०० एफ/५.६ आधी, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाऊन, बोरीबंदर यांनी सांगितलं तसं टॉर्च घेऊन. ती १३००डी वर लावून नोव्हेंबर काढते. बॉडीसाठी १५ डिसेंबर ही तारीख ठेवते. तोपर्यंत कंपनीने नवा अधिकृतपणे जाहीर केला आणि तो माझ्या पैशांत बसत असेल तर विचार करेन, नाहीतर आर७ घेऊन गणनेआधी हात बसवायला दोन-तीन आठवडे मिळतील. मुलांना पी९५० चा उपयोग होईल असं वाटतं, शाळेसाठी तो मुख्याध्यापकांकडे मागून बघते. रत्नांग्री, त्याबद्दल तुम्हाला वेगळं विचारेन.

दादा, अडॅप्टर कॅननचाच घ्यावा की दुसरा चालेल?

अंबाघाट

नियोजन उत्तम आहे. अडॅप्टर कॅननचाच साधा घ्या, रिंग नसलेला. त्यात काच नसते, त्यामुळे चित्रावर काही परिणाम नाही, पण बाकी कंपन्यांच्या स्वस्त अडॅप्टरांत माउंट किंचित सैल बसतो आणि मोठ्या लेन्सला मधेच संपर्क तुटतो. आर७ वर आयएस मोडमध्ये लेन्सची फोकल लांबी कॅमेरा आपोआप घेतो, ४०० दाखवतोय ना एवढं एकदा तपासा.

लेन्स तिपाईसाठी असलेल्या कड्याने धरा, बॉडीने लटकवू नका. माउंटवर ताण येतो. आणि जवळचं फुलपाखरू या लेन्सने मिळणार नाही, साडेतीन मीटरच्या आत ती फोकस करत नाही. त्यासाठी तुमची ५५-२५० विकू नका, तीही त्याच अडॅप्टरवर चालते.

न्यूजर्सीकर

ताई, आर७ ची जादा बॅटरी आणू का? एलपी-ई६एनएच. थंडीत सकाळी एक पुरत नाही.

कादवाकाठ

इथे मिळाली नाही तर सांगते, न्यूजर्सीकर. नाशिकला आलात की एक रविवार नांदूरसाठी ठेवा.

रानपिंगळा

धागा ताईंचा आहे, पण माझंही विचारून घेतो. निकॉन डी७२०० आणि २००-५०० आहे. फोकस मागे राहतो, म्हणून झेड५० टू घ्यावा का? की मीही थांबू?

जुना_चष्मा

तुमच्याकडे लेन्स आहेच, त्यामुळे प्रश्न सोपा. २००-५०० एफटीझेड अडॅप्टरवर झेड बॉडीवर ऑटोफोकससकट चालते आणि झेड५० टू मध्ये पक्ष्यांसाठी वेगळी ओळख आहे. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, पण तुमच्या लेन्समध्ये व्हीआर (निकॉनचं आयएस) आहे. कार्डाची खाच एकच, हे चालतंय का बघा. आणि वजन: लेन्स दोन किलो तीनशे ग्रॅम, बॉडी साडेपाचशे ग्रॅमची, हातात पुढे झुकते. तुमची लेन्स आणि एक रिकामं कार्ड घेऊन दुकानात जा, अडॅप्टर लावून दाराबाहेर उडणाऱ्या कबुतरांवर दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि फोटो घरी आणून मोठे करून पाहा. डी७२०० लगेच विकू नका, महिनाभर दोन्ही बरोबर न्या.